फ्रीजची घरघर आणि नागपूरचा मे महिना

बेसा, पिपळा, मनीषनगर या नागपूरच्या दक्षिणेकडच्या वस्त्यांमध्ये फ्लॅटस्कीम झपाट्याने उभ्या राहिल्या. स्वयंपाकघरात अनेकदा फ्रीजसाठी मापात कोनाडा काढलेला असतो. फ्रीज त्यात चपखल बसतो, घर नीटनेटकं दिसतं. मे उजाडला की मात्र तक्रार सुरू होते: फ्रीज दिवसभर घरघरतो, बंदच होत नाही, आणि पाणीही म्हणावं तसं गार होत नाही. कुणीतरी सांगतं, ‘‘गॅस संपला असेल, भरून घ्या.’’ खरं तर मेकॅनिकला फोन लावण्याआधी तो कोनाडा बघायला हवा.

फ्रीज आतली उष्णता उचलतो आणि बाहेर टाकतो, एवढंच त्याचं काम. कॉम्प्रेसरने दाबलेला तापलेला गॅस मागच्या काळ्या जाळीतून फिरतो आणि उष्णता खोलीत सोडतो. अनेक नव्या मॉडेलमध्ये ही नळी बाजूच्या पत्र्याआड असते, म्हणून फ्रीजच्या बाजू हाताला गरम लागतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण भोवतालची हवाच तापलेली असेल तर ही उष्णता जाणार कुठे? फ्रीजच्या हवामान-वर्गांपैकी ‘टी’ हा उष्ण प्रदेशासाठीचा वर्ग, आणि तो १६ ते ४३ अंशांसाठी आहे. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. घरात इतकं तापत नाही हे खरं. तरी वरचा मजला, पश्चिमेची भिंत, शेजारी शेगडी आणि तिन्ही बाजूंनी बंद कोनाडा असेल, तर जाळीभोवतीची हवा ४३ च्या पुढे जाऊ शकते.

म्हणून पहिली दुरुस्ती बिनपैशाची. फ्रीज पुढे ओढावा, मागे आणि बाजूंना निदान चार बोटं जागा सोडावी, डोक्यावरचे डबे आणि कापड काढावं. मग प्लग काढून जाळीवरची धूळ मऊ ब्रशने झाडावी. एवढ्यानेही घरघर थांबून थांबून येऊ लागते.

बाकीचे आवाज बहुधा निरुपद्रवी असतात. गुळगुळ म्हणजे नळ्यांतून फिरणारा गॅस. मध्येच होणारा ‘कट’ असा आवाज आतलं प्लास्टिक गारव्याने आकसल्याचा. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये साचलेलं हिम वितळवणाऱ्या हीटरवर थेंब पडले की चर्र होतं. खडखड होत असेल तर पुढचे पाय फिरवून फ्रीज समतोल करावा आणि मागची नळी किंवा पाण्याचा ट्रे कुठे घासतोय का ते पाहावं. फ्रीजरमधून मात्र खर्रखर्र येत असेल आणि दार उघडताच थांबत असेल, तर पंख्याचं पातं बर्फाला घासत असण्याची शक्यता मोठी. सामान दुसरीकडे हलवून फ्रीज एक दिवस दार उघडं ठेवून बंद करावा, बर्फ आपोआप उतरतो.

हा बर्फ वाढण्यात नागपूरच्या कूलरचाही हात असतो. कूलर खोलीत दमट हवा सोडतो. दार उघडलं की ती आत शिरते आणि तिचं हिम होतं. कूलरचा झोत फ्रीजकडे नको. दाराचं रबर सैल असेल तर हीच हवा चोवीस तास आत येत राहते. दारात कागदाचा कपटा धरून दार लावावं. तो सहज ओढून निघाला तर रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसावं, कडक झालं असेल तर बदलून घ्यावं. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर आत मागच्या बाजूचं निचऱ्याचं छिद्र तुंबलेलं असतं. त्यात हळूहळू कोमट पाणी सोडलं की ते मोकळं होतं. साध्या फ्रीजमधला बर्फ सुरीने किंवा उलथन्याने कधीही खरवडू नये. आतला पत्रा पातळ असतो, एक टोचा बसला की गॅस गेलाच.

दर काही मिनिटांनी ‘टिक’ होऊन कॉम्प्रेसर सुरूच होत नसेल, तर व्होल्टेज कमी आहे का, प्लग एक्स्टेंशन बोर्डावर आहे का, हे आधी पाहावं. तिथे सगळं ठीक असेल तर रिले किंवा कॉम्प्रेसर मेकॅनिकलाच दाखवावा. वीज जाऊन लगेच आली, तर फ्रीज पाच मिनिटं बंद ठेवणं बरं. दाब समान झाल्याशिवाय कॉम्प्रेसरला उठणं जड जातं.

आणि गॅस? तो बंद नळ्यांमध्ये फिरतो, वापराने संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणार. अनेक नव्या फ्रीजमध्ये आर ६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ज्वलनशील असल्याने नळ्यांना घरी कुणी हात लावू नये. मेकॅनिक आला की गळती कुठे सापडली ते विचारावं. गॅस किती ग्रॅम हवा हे फ्रीजवरच्या पट्टीवर छापलेलं असतं. तो काट्यावर मोजूनच भरला जातोय ना, हे उभं राहून पाहावं.