लहान व परवडणारा लॅपटॉप कसा निवडावा

शेतकऱ्याच्या घरांत लॅपटॉप येणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. मुलांचा अभ्यास, संस्थेचे हिशेब, मालाच्या व्यवहाराचीं पत्रें, अनुदानाचे अर्ज अशीं अनेक कामें त्यावर होतात. आणि दिवसाचें काम आटोपल्यावर घरांतील तरुण मंडळी त्याच यंत्रावर घटकाभर खेळही खेळतात. परंतु बैल घेतांना दांत पाहणारा, बी घेतांना तें तळहातावर घेऊन पारखणारा आमचा शेतकरी बांधव लॅपटॉप घेतांना मात्र दुकानदाराच्या शब्दावर विसंबतो. या यंत्राचे दांत कोणते, हें त्यास कोणीं सांगितलेलें नसतें. तें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

हा विषय हातीं घेण्यास आमचा स्वतःचा अनुभवही कारण झाला. २०२१ सालीं आम्हीं धाकट्या चिरंजीवाकरितां एक लहानसा लॅपटॉप सुमारें १८,००० रुपयांस घेतला. आंत ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण आहे, असें पावतीवर स्पष्ट लिहिलेलें होतें; पण त्याचा अर्थ आम्हांस कळत नव्हता. जन्मभर दुसऱ्यांचे उतारे वाचले, परंतु स्वतःच्या पावतीचा उतारा आम्हांस वाचतां आला नाहीं. पुढील वर्षीं प्रवेशाचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आला. मुदत सायंकाळीं पांच वाजेपर्यंत होती. तीन वाजतां यंत्र उघडलें, तों त्यानें आपलें अपडेट सुरू केलें. साठवणींत जागा उरली नव्हती. तें पुरें होईना व यंत्र मोकळें होईना. सर्व कागदपत्रें त्यांतच होतीं. सहाच्या सुमारास पडदा उजळला. चिरंजीव कांहीं बोलला नाहीं. पण त्या वर्षीं त्याचा प्रवेश हुकला व एक वर्ष त्यास घरीं काढावें लागलें. यंत्र खोटें नव्हतें. त्याच्यावर घातलेलें ओझें त्याच्या शक्तीचें नव्हतें, आणि तें आम्हीं घातलें होतें.

१. आधीं काम लिहून काढावें

ज्यास केवळ सातबारा पाहावयाचा आहे, त्यानें लॅपटॉपच घेऊं नये. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळूं लागला. तो मोबाईलवरही काढतां येतो. २०२१ सालीं सुरू झालेली ई-पीक पाहणी तर मोबाईलवरूनच करावयाची असते. लॅपटॉप लागतो तो लांब लिखाणास, हिशेबाच्या तक्त्यांस, पुष्कळ कागद जोडावयाच्या अर्जांस व मुलांच्या अभ्यासास. प्राथमिक शेती संस्थांचें दप्तर संगणकावर नेण्याची योजना केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें मंजूर केली. तेव्हां संस्थेच्या कामांत लक्ष घालणाऱ्या सभासदासही हें यंत्र आतां परकें राहणार नाहीं. घरांतील प्रत्येकानें आपलें काम एका कागदावर लिहावें, व तरुणांनीं आपले खेळही न लाजतां लिहावे. तो कागद खिशांत घालूनच दुकानांत जावें.

२. यंत्राचें पोट

कचेरींतील दृष्टांतानें हा भाग लवकर समजेल. प्रोसेसर म्हणजे काम करणारा कारकून. रॅम म्हणजे त्याच्या पुढ्यांतील मेज. साठवण म्हणजे मागचा दप्तरखाना. कारकून कितीही हुशार असला, तरी मेज हातभर असेल तर एक फाईल उघडण्यास दुसरी उचलून आंत ठेवावी लागते, आणि दिवस येरझारांत जातो. लॅपटॉप अडखळतो तो पुष्कळदां याच कारणानें.

याकरितां रॅम ८ जीबीपेक्षां कमी घेऊं नये. खर्च झेपत असल्यास १६ जीबी घ्यावी. साठवण एसएसडी जातीची असावी, आणि ती २५६ जीबी तरी असावी. ५१२ असल्यास पुढील पांच वर्षें चिंता नाहीं. अगदीं स्वस्त यंत्रांत ईएमएमसी नांवाची साठवण असते. ती संथ असते व बहुधा मुख्य पाटीसच जोडलेली असल्यामुळें बदलतां येत नाहीं. विंडोज ११ करितां कमींत कमी ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण पुरे, असें तिचे कर्ते सांगतात. तें खरें आहे. पण तेवढ्यावर बैल फक्त उभा राहतो, नांगर ओढीत नाहीं.

दुकानदारास आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: रॅम पुढें वाढवितां येते काय? कित्येक लहान यंत्रांत ती पाटीवर डाग देऊन कायमची बसविलेली असते. मोकळी खांच असल्यास आज ८ जीबी घेऊन दोन वर्षांनीं वाढवितां येईल. नसल्यास आजच पुरेशी घेणें शहाणपणाचें. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले, ही गोष्टही लक्षांत ठेवावी.

३. नांवांतील पोटहिस्से

आमच्या अनुभवांत ग्राहक सर्वांत अधिक फसतो तो येथें. इंटेल व एएमडी या दोन कंपन्यांचे प्रोसेसर बाजारांत मुख्यत्वें असतात. 'रायझन ५' किंवा 'कोअर आय ३' एवढें ऐकून भागत नाहीं. पुढील आंकडा वाचला पाहिजे. गट एकच, पण पोटहिस्सा निराळा, म्हणजे जमीन निराळी, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

उदाहरणार्थ, एएमडीचे ७५२० यू व ७५३० यू हे दोन्ही 'रायझन ५' म्हणूनच विकले जातात. आंकड्यांत दहाचाच फरक. पण पहिल्यांत चार गाभे आहेत व घडण एक पिढी जुनी, तर दुसऱ्यांत सहा गाभे असून घडण त्याहून नवी आहे. खेळांकरितां लागणारा चित्रभागही दुसऱ्यांतच पुष्कळ सबळ आहे. ७००० च्या या मालिकेंत तिसरा आंकडा घडणीची पिढी सांगतो, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरें. इंटेलकडे एन १०० नांवाचा २०२३ सालचा चार गाभ्यांचा प्रोसेसर आहे. तो वीज फार थोडी खातो आणि पत्रव्यवहारास व अभ्यासास चालतो. परंतु खेळ व मोठे तक्ते यांस कमी पडतो. बाराव्या पिढीचा आय ३-१२१५ यू हा सहा गाभ्यांचा असून घरकामास चांगला. शेवटचें 'यू' अक्षर वीज वांचविणाऱ्या जातीचें, व 'एच' हें जोरदार पण अधिक तापणाऱ्या जातीचें चिन्ह होय. लहान व हलक्या यंत्रास 'यू' बरें.

४. खेळाविषयीं

खेळाचें नांव काढतांच वडील मंडळींच्या कपाळास आंठ्या पडतात. आमच्याही पडत असत. पण दिवसभर पाणी देऊन आलेला मुलगा ओसरीवर बसून अर्धा तास खेळला, तर त्यांत पिकाचें नुकसान नाहीं. वावगें आहे तें खेळाकरितां म्हणून वेगळें अवजड यंत्र घेणें. तशा यंत्रांत चित्रांकरितां स्वतंत्र ग्राफिक्स भाग असतो. त्यामुळें किंमत चढते, वजन बहुधा दोन किलोच्या वर जातें, चार्जर विटेएवढा होतो व बॅटरी लवकर उतरते.

हलक्या खेळांस प्रोसेसरमधील अंगचाच चित्रभाग पुरतो. बुद्धिबळ, माइनक्राफ्ट, १९९९ सालचा 'एज ऑफ एम्पायर्स २' हे खेळ त्यावर चालतात. 'स्टारड्यू व्हॅली' हा खेळ तर आमच्या वाचकांस मौजेचा वाटेल. एरिक बॅरोन या एकट्या अमेरिकन गृहस्थानें तो तयार करून २०१६ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत पडीक शेत नांगरून पिकें काढावयाचीं असतात; एक ऋतु २८ दिवसांचा, आणि ऋतु पालटतांच बहुतेक उभें पीक वाळतें. तेथें हंगाम ठरल्या दिवशींच येतो, एवढेंच तेथील शेतकऱ्याचें सुख. हा खेळ अगदीं साध्या यंत्रावरही चालतो. उलट स्वित्झर्लंडमधील कंपनीच्या 'फार्मिंग सिम्युलेटर'च्या अलीकडील आवृत्तींत ट्रॅक्टर-कापणीयंत्रें हुबेहूब दिसतात. त्यांस मात्र स्वतंत्र ग्राफिक्सच हवें. नांव शेतीचें असलें तरी भार सारखा नसतो.

येथें पुन्हां मेजाचा दृष्टांत घेऊं. अंगच्या चित्रभागास स्वतःचें मेज नसतें. तो कारकुनाच्याच मेजाचा एक कोपरा घेऊन बसतो. म्हणून खेळणाऱ्याच्या घरीं १६ जीबी रॅम खरोखर उपयोगी पडते. ज्या यंत्रांत रॅमच्या सुट्या पट्ट्या बसतात, त्यांत ती एका पट्टींत असण्यापेक्षां सारख्या दोन पट्ट्यांत असावी. एका मोटेऐवजीं दोन मोटा चालल्याप्रमाणें मजकूर दोन वाटांनीं वाहतो व खेळ कमी अडखळतो. पडद्यावरील चित्र सेकंदास ३० वेळां बदललें म्हणजे खेळ बरा चालतो, ६० वेळां बदललें म्हणजे सुरळीत. चित्र अडखळूं लागल्यास खेळांतील बारकावा कमी करावा. नवें यंत्र घेण्यापेक्षां तें स्वस्त.

५. पडदा, बॅटरी व बाह्यांग

पडद्याचें माप कर्णाचें असतें, बाजूचें नव्हे. १४ इंचांचें यंत्र पिशवींत मावतें व डोळ्यांसही पुरतें. पडद्यावरील ठिपके १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाखांहून अधिक असावे. १३६६ गुणिले ७६८ चा पडदा त्याच्या निम्म्यावर येतो, व त्यावर हिशेबाचा तक्ता एका दृष्टींत मावत नाहीं. पडदा आयपीएस जातीचा असल्यास बाजूनें पाहणाऱ्यासही रंग नीट दिसतात. ओसरीवरील उजेडांत बसणारांनीं ३०० निट किंवा अधिक तेजाचा पाहावा.

बॅटरी किती तास चालेल, याविषयींच्या जाहिरातीवर जाऊं नये. तिचे वॅट-तास विचारावे. ४२ वॅट-तासांची बॅटरी असून यंत्र सरासरी ७ वॅट खात असेल, तर ती सहा तास चालेल. खेळतांना हाच खप दोन-तीन पट होतो. ज्या गांवीं वीज वेळेवर नसते, तेथें हा आंकडा मोलाचा आहे. चार्जिंगच्या बिलाची भीति मात्र नको: ६५ वॅटचा चार्जर दोन तास पुऱ्या जोरानें चालला, तरी ०.१३ युनिटच खर्च होतो.

लहान यंत्रांत उजव्या बाजूचा आंकड्यांचा फलक बहुधा नसतो. हिशेबनिसांनीं तो वेगळा विकत घेऊन जोडावा. पेनड्राईव्ह व डिजिटल स्वाक्षरीचें टोकन यांकरितां रुंद यूएसबीची एक तरी खांच असावी. वार्षिक सभेंत ताळेबंद भिंतीवर दाखवावयाचा असेल, तर एचडीएमआयची खांच पाहावी. मराठी लिहिण्यास निराळा कळफलक लागत नाहीं. इनस्क्रिप्टची सोय विंडोजमध्यें असतेच. मात्र युनिकोडमध्येंच लिहावें, म्हणजे आपलें पत्र दुसऱ्याच्या यंत्रावर उघडतांना अक्षरांचा चुराडा होत नाहीं.

६. वापरलेलें यंत्र

ज्यांस नव्याचा खर्च झेपत नाहीं, त्यांनीं कचेऱ्यांतून निघालेलीं यंत्रें पाहण्यास हरकत नाहीं. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक हे कचेरीच्या राबत्याकरितां बनविलेले असतात. परंतु विंडोज १० ची विनामूल्य देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, व विंडोज ११ इंटेलच्या साधारणतः आठव्या पिढीच्या आंतील यंत्रें स्वीकारीत नाहीं. म्हणून आठवी पिढी ही आपली हद्द समजावी, व तिच्या अलीकडील यंत्र भाव कितीही उतरला तरी घेऊं नये. बॅटरी बहुधा थकलेली असते. नव्या बॅटरीचा खर्च किंमतींत धरूनच सौदा करावा.

७. दुकानांत

रॅमचे भाव चढण्यापूर्वीं नव्या चांगल्या यंत्रास साधारण ३५ ते ५० हजार रुपये पडत. पैसे देण्यापूर्वीं यंत्र चालू करवून प्रोसेसरचा पुरा आंकडा, रॅम व साठवण हीं पडद्यावर स्वतः वाचावीं. खोक्यावरील क्रमांक व यंत्राखालील क्रमांक एकच आहेत, हें ताडून पाहावें. जीएसटीची पक्की पावती घ्यावी. हमीची मुदत विचारावी. लिखाण व तक्ते यांकरितां लिबर-ऑफिस विनामूल्य मिळतें. त्यासाठीं दुकानदारास वेगळे पैसे देण्याचें कारण नाहीं. घरीं आणल्यावर यंत्र गोधडीवर ठेवून चालवूं नये. खालची हवेची वाट बुजते व तें तापतें. आणि महत्त्वाचे कागद दुसऱ्या एका ठिकाणींही ठेवावे.

आमच्या चिरंजीवास पुढील वर्षीं प्रवेश मिळाला. २०२४ सालीं आम्हीं दुसरा लॅपटॉप घेतला: १४ इंची, १६ जीबीचा. त्या वेळीं दुकानांत कागद त्याच्या हातीं होता व प्रश्न तो विचारीत होता. आम्ही बाजूस उभे राहून ऐकत होतों. जुन्या यंत्रावर त्यानें लिनक्स घातलें. त्यावर आम्ही वर्तमानपत्र वाचतों व कधीं बुद्धिबळाचा डाव मांडतों. तेवढ्या ओझ्यास तें अजून उत्तम चालतें. गेलेलें वर्ष मात्र परत येत नाहीं. आमच्या एखाद्या वाचकाच्या मुलाचें तसें वर्ष या लेखामुळें वांचलें, तर लिहिण्याचे श्रम सार्थकीं लागले असें आम्ही समजूं.