फलकावरचे नाव : भाऊ-बापू मांग नारायणगावकर

तमाशात भावांच्या जोड्या नव्या नाहीत. कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ वाचकांना ठाऊक असतील. पण फडाच्या नावातच स्वतःची जात लिहिणारी जोडी म्हणजे भाऊ-बापू मांग नारायणगावकर. या नावाकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेले नाही, असे मला वाटते.

फड उभा केला तो नारायण खुडे यांनी. मूळ गाव शिरूर तालुक्यातले कवठे यमाई. पुढच्या पिढीत फड भाऊ-बापूंच्या नावावर चालू लागला तेव्हा खुडे हे आडनाव मागे पडले, गाव पुढे आले. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. जत्रांच्या सुपाऱ्या आजही तिथल्या राहुट्यांत ठरतात. तेव्हा 'नारायणगावकर' ही धंद्याची पत होती. 'मांग' या शब्दाचे तसे नाही. हलगी-ढोलकीवरचा या समाजाचा हात गावोगाव मान्य होता, आणि त्याच वादकाला वेशीबाहेर ठेवणारे गाव रात्री त्याच्यासमोर बसत होते. तिकीट काढणाऱ्याला फलकावरचा तो शब्द वाचावाच लागे. त्यात मला नुसती ओळख दिसत नाही, आग्रह दिसतो.

(आमच्या सरावलीकडे तारप्याभोवती फेर धरतात, तिथे फलक नसतो आणि तिकीटही नसते. म्हणूनच हा फलक मला अधिक खुणावतो.)

भाऊंची मुलगी विठाबाई (१९३५-२००२) याच फडात घडल्या. गण, गवळण, बतावणी, वग हा सारा क्रम बाप-चुलत्यांच्या संगतीत अंगी मुरला. पुढे त्यांचा स्वतःचा फड गाजला तो 'विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर' या नावाने. बाप, जात, गाव सारे राहिले. गळले ते बापू. फड वेगळा झाला की असे व्हायचेच, पण चुलत्याचा वाटा त्यासोबत विस्मरणात गेला.

राज्य शासन २००६ पासून तमाशातील ज्येष्ठ कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते, तो विठाबाई नारायणगावकर यांच्या नावे. गौरव मोठा आहे, यात शंका नाही. त्या नावात मात्र भाऊ नाहीत आणि 'मांग'ही नाही. ज्या शब्दावर दोन पिढ्या अडून राहिल्या, तो सन्मानपत्रावर येताना गाळला गेला. पूर्ण नावाने पुरस्कार देण्यास शासनाला काय अडचण असावी?

विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांच्या फलकावर पुढे 'करवडीकर' आले.