चाकाचे माप

रायपूर शहराच्या जुन्या भागात, बूढा तलावाला लागून, बूढापारा नावाची वस्ती आहे. तलावाला आता विवेकानंद सरोवर म्हणतात. स्वामी विवेकानंदांच्या बालपणातील काही काळ ह्या शहरात गेला, त्याची ती आठवण. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे स्थिरावत आली आहेत, आणि आमच्या गल्लीतही सकाळी छत्तीसगढीच्या जोडीला मराठी कानी पडते. ह्या गल्लीत आमच्या शेजारच्या तरुणाने एक थार गाडी आणून उभी केली. चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोचविणारी, आडवाटेवर चालावी म्हणून बांधलेली गाडी ती. महिना होतो न होतो तोच त्याच्या मनात आले की हिला आणखी मोठे टायर बसवावेत.

तो मला म्हणाला, "काका, गाडी उंच दिसेल, आणि बस्तरच्या रस्त्यांवर उपयोगही होईल."

मी काही यंत्रज्ञ नव्हे. सरकारी नोकरीत कागद वाचण्यात आणि दौऱ्यावर जीपमध्ये बसण्यात माझी वर्षे गेली. परंतु श्रावणात हा मुलगा आपल्या आईला घेऊन चित्रकोटचा धबधबा पाहावयास जाणार होता, आणि वाटेत केशकालचा घाट होता. तेव्हा प्रश्न नुसत्या हौसेचा नव्हता. त्या संध्याकाळी कागदपेन्सिल घेऊन आम्ही दोघांनी जो हिशेब मांडला, तोच आज श्रोत्यांपुढे ठेवतो.

आरंभ टायरच्या कुशीवर कोरलेल्या आकड्यांपासून करू. त्याच्या गाडीवर '२५५/६५ आर १८' असे लिहिले होते. त्यातील २५५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे कुशीची उंची; ती रुंदीच्या शेकडा ६५ असते. 'आर' हे अक्षर आतील धाग्यांची रचना त्रिज्येच्या दिशेने आहे असे सांगते, आणि १८ हा आतील चाकाचा व्यास, तो मात्र इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्केवारी आणि इंच असा हा तिरंगी संसार आहे. पण एकदा उलगडला की गणित शाळकरी मुलालाही यावे. कुशीची उंची सुमारे १६६ मिलिमीटर. ती वर एकदा आणि खाली एकदा. त्यात १८ इंचांचे ४५७ मिलिमीटर मिळविले की पूर्ण चाकाचा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर होतो.

त्याला हवे होते ते टायर २८५/६५ आर १८ ह्या मापाचे. त्याचा व्यास निघाला सुमारे ८२८ मिलिमीटर. म्हणजे वाढ ३९ मिलिमीटरांची. परंतु चाकाची आस मध्यभागी असते, म्हणून गाडी जमिनीपासून उचलली जाते ती ह्याच्या निम्म्यानेच, सुमारे २० मिलिमीटरांनी. मी त्याला माझा अंगठा दाखविला. "एवढी उंची तुला मिळणार आहे. आता तिची किंमत काय पडते ते पाहू."

ही उंची अगदीच निरुपयोगी आहे असे कोणी समजू नये. गाडीचे सांगाडे उंच करणाऱ्या स्प्रिंगा मिळतात, पण त्यांनी फक्त वरचा भाग उचलला जातो. दोन चाकांना जोडणारा आस आणि त्याच्या मधोमध लोंबणारा दंतचक्रांचा गोळा जिथल्या तिथे राहतो. वाटेतल्या दगडावर आपटतो तो हा गोळा, आणि त्याला उचलण्याचा साधा उपाय मोठे चाक हाच आहे. शिवाय मोठे चाक खड्ड्यात कमी उतरते. नदीच्या वाळूतून किंवा कातळावरून ज्यांना नित्य जावे लागते, त्यांची गरज खरी आहे.

आता दुसरी बाजू. व्यास शेकडा ५ ने वाढला की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी तितकेच अधिक अंतर तोडते. वेगदर्शकाला हे कळत नाही. तो जुन्याच चाकाचे फेरे मोजीत बसतो. तो पूर्वी अचूक असेल, तर काटा १०० दाखवील तेव्हा गाडी खरोखर १०५ च्या वेगाने जात असेल. अंतराच्या नोंदीतही तीच चूक शिरते. इंजिनाचा जोर तोच असताना चाकाची त्रिज्या वाढली, म्हणून रस्त्याला मिळणारी ओढ सुमारे तितक्याच प्रमाणात घटते. चढावर गाडी जड वाटू लागते आणि मधूनमधून खालचा गिअर घ्यावा लागतो. मोठा टायर वजनानेही भारी असतो, आणि हे वजन फिरते असल्यामुळे गाडीचा वेग वाढविताना व रोखताना ते जवळजवळ दुप्पट जाणवते.

ब्रेकची गोष्ट अधिक गंभीर आहे. ब्रेकची तबकडी होती तेवढीच राहिली आणि चाक मोठे झाले, तर तेवढाच रोध मिळविण्यासाठी पाय अधिक जोराने दाबावा लागतो. बस्तरहून परतताना केशकालचा घाट उतरावा लागतो. घाट उतरताना शहाणा चालक खालचा गिअर ठेवून इंजिनालाच गाडी धरून ठेवावयास लावतो. मोठ्या चाकाने ही धरही सैल होते. मग ब्रेकवर भार वाढतो, ब्रेक तापतात, आणि फार तापलेला ब्रेक नको त्या वळणावर दगा देतो. अंगठ्याएवढ्या उंचीसाठी हा सौदा करावयाचा का, एवढाच प्रश्न मी त्याला विचारला. तो काही बोलला नाही. आत त्याची आई देवापाशी दिवा लावीत होती, तिकडे त्याची नजर गेली.

आणखी काही बारीक गोष्टी आहेत. रुंद टायर पूर्ण वळविलेल्या स्थितीत, किंवा खड्ड्यात दबल्यावर, आतल्या पत्र्याला घासतो. दुकानात सपाट फरशीवर उभी असलेली गाडी हे दाखवीत नाही. ते टाळण्यासाठी चाके बाहेर काढली, तर बेअरिंगवर आणि सुकाणूच्या सांध्यांवर ताण येतो. मापाच्या पुढे लिहिलेला भारांकही पाहावा लागतो: १११ म्हणजे एका टायरने १०९० किलो पेलावेत, आणि त्यापुढील 'टी' म्हणजे ताशी १९० किलोमीटरांची वेगमर्यादा. नवा टायर ह्यांत उणा असू नये. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत पुढची व मागची चाके वेगळ्या व्यासाची कधीच ठेवू नयेत. जोडणारी दंतचक्रे एकमेकांशी झगडून झिजतात. म्हणून पाचवे, मागच्या दारावर टांगलेले चाकही त्याच मापाचे लागते, आणि त्या दाराच्या बिजागऱ्यांना ते वाढीव वजन जन्मभर वाहावे लागते.

कायद्याचेही बोलले पाहिजे, कारण ते माझ्या नोकरीच्या अंगवळणी पडले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलासाठी ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. दंडाहून मोठी भीती निराळीच आहे. अपघात झाला, तर विमा कंपनी पहिला प्रश्न ह्या बदलाविषयीच विचारील. म्हणून निर्मात्याने त्या गाडीसाठी मान्य केलेल्या मापातच राहावे.

आपल्या गाडीवानांना हे तत्त्व पूर्वीपासून ठाऊक होते. सुतार बैलगाडीचे चाक घडवितो, त्यावर तापविलेली लोखंडी धाव चढवितो. पण चाकाची उंची तो बैलाच्या खांद्याला जमवून धरतो. चाक अवास्तव उंच केले की गाडी पुढे कलते आणि सारा भार मुक्या जनावराच्या मानेवर येतो. जीपची कथाही हीच सांगते. दुसऱ्या महायुद्धातील जीप १९४७ पासून मुंबईत जोडली जाऊ लागली. तिचे टायर जेमतेम सहा इंच रुंद आणि सोळा इंची चाकावरचे. आजच्या डोळ्यांना ते सायकलीचे वाटावेत. तरी त्याच टायरांवर ती चिखलातून आणि डोंगरातून गेली, कारण तिचे वजन, तिचे गिअर आणि तिचे चाक एकमेकांना ओळखून होते. उलट चिखलात अरुंद चाक वरचा गाळ कापून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचते, हा लाभ रुंद चाकाला क्वचितच मिळतो.

शेवटी मी त्या मुलाला विचारले, "तुझी गाडी नेमकी अडली कुठे?" तो थोडा हसला. एकदाच, महानदीकाठच्या ओल्या मातीत. म्हणजे तिला उंची कमी पडली नव्हती, पकड कमी पडली होती. त्यावर इलाज मापाचा नसून नक्षीचा आहे. त्याने त्याच मापाचे, पण खोल व मोकळ्या खाचांचे टायर घेतले. कुशीवरच्या चार आकड्यांवरून कोणत्या आठवड्यात व कोणत्या वर्षी ते बनले हे तपासले. आणि दाराच्या खांबावर लिहिलेला हवेचा दाब वहीत उतरवून घेतला.

श्रावणात मायलेक चित्रकोट पाहून परत आली. घाटात पाऊस होता, असे त्या माउलीने सांगितले. गाडीविषयी तिने काहीच सांगितले नाही. चांगल्या चाकाची ह्याहून मोठी प्रशस्ती मला माहीत नाही.