तिरकस उजेडातली नोट

जुन्या नोटांची ऑनलाइन खरेदी करताना ग्राहकाच्या हाती नोटेचे केवळ छायाचित्र येते, आणि ज्या गुणांवर तिची किंमत ठरते ते, म्हणजे कागदाचा करकरीतपणा, घड्यांच्या खुणा आणि कोपऱ्यांची टोके, नेमके छायाचित्रातच सर्वांत आधी हरवतात. त्या मानाने नोट कोणती हे ओळखणे सोपे असते. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ साली काढलेल्या दोन, पाच, दहा आणि शंभर रुपयांच्या नोटांवर सेवाग्राम आश्रमाच्या पार्श्वभूमीवर बसलेले गांधीजी दिसतात. त्यांपैकी काहींवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर एल. के. झा यांची, तर काहींवर बी. एन. आडारकर यांची स्वाक्षरी आहे. आडारकर ४ मे ते १५ जून १९७० एवढाच काळ गव्हर्नर होते आणि त्यांच्या स्वाक्षरीच्या नोटा तुलनेने कमी आढळतात, त्यामुळे चित्र, रंग आणि दर्शनी मूल्य तेच असूनही संग्राहक त्यांना अधिक किंमत देतात. हा फरक पडद्यावर वाचता येतो. कागदाची प्रत मात्र तर्काने ठरवावी लागते.

प्रतवारीची रूढ परिभाषा इंग्रजी आद्याक्षरांची आहे. ‘यूएनसी’ म्हणजे व्यवहारात न फिरलेली, एकही घडी नसलेली कोरी नोट. ‘एयू’ म्हणजे जवळजवळ कोरी, जिच्यावर सर्वसाधारणपणे मध्यावरची एखादी हलकी घडी खपवून घेतली जाते. त्याखाली ‘एक्सएफ’, ‘व्हीएफ’, ‘फाइन’ अशा पायऱ्या उतरत जातात. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकी सेंट नाण्यांसाठी मांडलेली १ ते ७० गुणांची पट्टी पुढे नोटांनाही लावण्यात आली, आणि प्रमाणन संस्था त्याच गुणांनी नोटा प्लास्टिकच्या बंद वेष्टनात घालून देतात. या पट्टीवर ५८ आणि ६३ यांमधले अंतर कागदावर लहान दिसले, तरी दुर्मीळ नोटेच्या बाबतीत त्या एका घडीचा किमतीवर होणारा परिणाम मोठा असतो.

घडी दिसणे न दिसणे हे उजेडाच्या दिशेवर अवलंबून असते. स्कॅनरचा प्रकाश नोटेवर जवळजवळ सारखा पडत असल्याने हलक्या घडीची सावलीच तयार होत नाही आणि ‘व्हीएफ’ नोटसुद्धा सपाट, स्वच्छ दिसते. तीच नोट खिडकीशी तिरकी धरून काढलेल्या छायाचित्रात मधली उभी रेघ, नोटा मोजताना कोपऱ्याजवळ पडलेला हलका बाक आणि कागदाचा लाटांसारखा उंचसखलपणा लगेच उघडा पडतो. म्हणून जाणकार ग्राहक दोन्ही बाजूंच्या छायाचित्रांखेरीज तिरकस उजेडातले एक आणि उजेडासमोर धरलेले एक अशी आणखी दोन छायाचित्रे मागतात. दुसऱ्यात जलचिन्हाबरोबर बारीक छिद्रे, फाटीची जोड आणि विरळ झालेला कागद दिसतो.

छिद्रांचा प्रश्न भारतीय नोटांच्या बाबतीत वेगळा विचार मागतो, कारण बँका नोटांची बंडले स्टेपलने टाचत असत आणि रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २००१ मध्ये ही पद्धत बंद करण्याचा आदेश देईपर्यंत ती सर्रास चालू होती. त्यामुळे कधीही खर्च न झालेल्या जुन्या नोटेवरही जलचिन्हाच्या मोकळ्या जागेत दोन छिद्रे असणे स्वाभाविक आहे, आणि ती केवळ दोष म्हणून मोजणे अन्यायाचे ठरते. परंतु मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याच पिनेचा गंज कागदात उतरून तांबूस कडे सोडतो, आणि तो डाग मात्र किंमत निश्चितपणे उतरवतो. काही विक्रेते ही छिद्रे कागदाच्या लगद्याने बुजवतात. तशी जागा उजेडासमोर भोवतालच्या कागदापेक्षा गडद ठिपक्यासारखी दिसते.

सर्वांत खेदाची गोष्ट म्हणजे चांगल्या, प्रामाणिकपणे वापरलेल्या नोटेला धुऊन आणि इस्त्री करून कोरी भासवणे, कारण त्यात ग्राहकाचे पैसे जातातच, शिवाय त्या नोटेचा मूळ पोतही कायमचा नष्ट होतो. कोऱ्या नोटेवर क्रमांकाच्या छपाईचा दाब मागील बाजूस हलका उठलेला असतो; दाबलेल्या नोटेत तो उठाव बसलेला असतो. नोटेचा कागद कापसाच्या तंतूंचा असून अतिनील प्रकाशात मंद राहतो, तर पांढरेपणा वाढवणाऱ्या साबणाने धुतलेला कागद निळसर चमकतो. कापून धारदार केलेल्या कडा ओळखण्यासाठी त्याच मालिकेतील खात्रीच्या नोटेशी लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये ताडून पाहावी लागते.

किंमत ठरवताना विक्रेत्याने मागितलेली रक्कम जवळजवळ निरुपयोगी असते. त्याच स्वाक्षरीची, त्याच प्रतीची नोट लिलावात प्रत्यक्ष कितीला गेली हाच खरा आधार होय. क्रमांकात ७८६ असलेल्या साध्या नोटेला लाखो रुपये देऊ करणाऱ्या जाहिराती या हिशेबात धरूच नयेत. आपले नाव वापरून जुन्या नोटांच्या व्यवहारावर शुल्क मागणाऱ्यांविषयी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशाराही दिला होता. बंद वेष्टनातली नोट घेतानाही त्यावरील प्रमाणपत्र क्रमांक संस्थेच्या नोंदीशी आणि तेथील छायाचित्राशी जुळवावा लागतो, कारण वेष्टनांच्याही नकला होतात. आणि विक्रेत्याने तिरकस उजेडातले छायाचित्र देण्यास नकार दिला, तर अनुभवी संग्राहक वर्णनातला ‘यूएनसी’ हा शब्द बाजूला ठेवून नोट ‘एक्सएफ’ समजतात आणि त्याच हिशेबाने बोली लावतात.