मालमोटारीचा झिजलेला इंजेक्टर

मुंबईहून नाशिककडे जातांना कसाऱ्याच्या चढावर पुढची मालमोटार काळ्या धुराचे लोट सोडूं लागली, कीं आपण नाकाला रुमाल लावतों आणि ड्रायव्हरला दोष देतों. परंतु पुष्कळदां दोष त्या बिचाऱ्याचा नसून इंजिनांतील करंगळीएवढ्या एका नोझलाचा असतो. त्या लहानशा वस्तूची ओळख करून देण्याचें आज योजिलें आहे.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचें इंजिन १८९७ सालीं कसोटीस उतरलें. त्यांत ठिणगीची योजना नाहीं. सायकलींत हवा भरतांना पंप तापतो, हें मुलांनाहि ठाऊक असतें. तशीच, पण कितीतरी अधिक जोरानें दाबलेली हवा सिलिंडरांत इतकी तापते कीं, तींत तेल शिंपडतांच तें पेटतें. मात्र तें तेल धुक्यासारखें बारीक झालेलें असावें लागतें. मोठा थेंब पुरता जळत नाहीं, त्याची काजळी होते. हे तुषार उडविणाऱ्या साधनास इंजेक्टर म्हणतात, आणि नोझल हें त्याचें टोंक.

जुन्या धाटणीच्या ट्रकांत पंप हें तेल इंजेक्टरकडे ढकलतो. दाब सुमारें २०० वातावरणांएवढा झाला, कीं स्प्रिंगनें दाबून धरलेली सुई उचलली जाते, सूक्ष्म छिद्रांतून तुषार उडतात, आणि सुई चटकन् पुन्हां जागेवर बसते. सुई आणि तिचें घर यांमधील फट मिलिमीटरच्या अवघ्या दोन-चार सहस्रांशांची असते. आतां थोडें गणित करूं. इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांस सुई एकदां उचलली जाते. म्हणजे मिनिटास १६०० फेरे धरल्यास ८०० वेळां, आणि तासांत ४८,००० वेळां. सरासरी ४० किलोमीटर वेगानें ५ लक्ष किलोमीटर धांवलेल्या गाडीचे १२,५०० तास होतात. तेवढ्यांत ही सुई ६० कोटि वेळां आपटलेली असते! त्यांत डिझेलमधील पाणी व धूळ यांची भर पडली, तर पोलाद झालें तरी तें झिजणारच.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या ट्रकाची हीच गत झाली. धूर वाढला, सकाळीं इंजिन लवकर सुरू होईना, डिझेल अधिक लागूं लागलें. तो म्हणाला, "गुरुजी, सहाहि इंजेक्टर काढायचे म्हणजे हंगामाची कमाई गेली. चालते आहे तोंवर चालूं द्यावी म्हणतों." मीं त्याच्या काटकसरीचें कौतुकच केलें. दोन महिन्यांनीं गळक्या नोझलाचें तेल पिस्टनच्या माथ्यावर जळून त्यास भोंक पडलें, आणि गाडी महिनाभर कारखान्यांत पडून राहिली. त्या कौतुकाचें शल्य मला अजून आहे.

मग योग्य रीत कोणती? इंजिन संथ चालूं असतां कुशल मिस्त्री एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित् सैल करतो. इंजिनाचा ताल बिघडला, तर तो सिलिंडर काम करीत होता. कांहींच फरक न पडल्यास तेथें दोष आहे. नंतर इंजेक्टर काढून हातपंपाच्या यंत्रावर तपासतात: सुई किती दाबाला उघडते, तुषार सारखे उडतात कीं धार पडते, आणि उघडण्यापूर्वी टोंक कोरडें राहतें कीं नाहीं. पुष्कळदां संबंध इंजेक्टर टाकावा लागत नाहीं. नवें नोझल घालून स्प्रिंगचा दाब जुळविला कीं भागतें. मात्र झीज सर्वांचीच झालेली असल्यानें सहाहि नोझलें एकदम बदलावीं, म्हणजे सर्व सिलिंडरांस सारखें काम पडतें. बसवितांना जुना तांब्याचा वॉशर भोंकांत राहूं देऊं नये. त्यावर नवा बसविल्यास टोंक वर राहतें. शेवटीं तेलांतील हवा काढून टाकावी आणि फिल्टर नवा घालावा. नाहीं तर ज्या घाणीनें जुनें नोझल खाल्लें, तीच नवेंहि खाईल.

अलीकडच्या गाड्यांत दाब १,६०० वातावरणांच्याहि वर जातो. तेथें चालत्या इंजिनाचा नट सैल करणें म्हणजे जिवाशीं खेळ. ती धार कातडी भेदून आंत शिरते. जखम टांचणीएवढी दिसली, तरी तत्काळ रुग्णालय गांठावें. शिवाय या इंजेक्टरांवर कोरलेला संकेतांक इंजिनाच्या संगणकास कळवावा लागतो. तें काम जाणत्यांकडेच सोंपवावें.

तो विद्यार्थी आतां दर दिवाळीनंतर नोझलें तपासून घेतो. काटकसर हा सद्गुण खराच. पण कोठें खर्च न करणें हीच उधळपट्टी ठरते, हें ओळखणें हाहि तिचाच भाग आहे. मला तें साठीनंतर कळलें.