मराठा पलटणीच्या बिल्ल्यावर जर्मन शिंग कसं आलं?

विरार लोकलच्या गर्दीत ज्यांना हा एपिसोड नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

आधी एक काम करा. मोबाइलवर मराठा लाइट इन्फन्ट्रीचा बिल्ला शोधा. तिरक्या तलवारी आणि ढाल दिसेल. ते समजतं, मराठा म्हटलं की ढाल-तलवार आलीच. पण सोबत एक बिगुलही आहे, शिंगासारखा वळलेला. ही आपली तुतारी नाही बरं का. हे शिंग जर्मनीच्या जंगलातून आलंय.

जर्मन भाषेत 'येगर' म्हणजे शिकारी. १६३१मध्ये हेसे-कासेल नावाच्या संस्थानात शिकारी आणि जंगलाचे रखवालदार गोळा करून फौजेची तुकडी उभी केली गेली. प्रशियाच्या फ्रेडरिकनेही १७४०मध्ये तेच केलं. का? तेव्हाचं पायदळ खांद्याला खांदा लावून रांगेत उभं राहायचं आणि हुकूम झाला की सगळे एकदम बार काढायचे. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे नेमाचा फार प्रश्नच नाही. शिकाऱ्याच्या बंदुकीला मात्र आतून पीळदार आटे असायचे, म्हणजे रायफल. ती भरायला वेळ लागायचा, पण गोळी लांबवर नेमकी लागायची. मग ही माणसं मुख्य फौजेच्या पुढे पांगायची आणि झाडाआडून समोरचे अधिकारी टिपायची.

आता झाडीत पांगलेल्या माणसांपर्यंत हुकूम पोचवायचा कसा? रांगेतल्या पलटणीला ढोल पुरतो, इथे नाही. म्हणून शिकारीचंच शिंग घेतलं. हॅनोव्हरच्या येगर तुकड्यांकडे १७५८च्या सुमारास अर्धचंद्राच्या आकाराचं शिंग होतं. कपडे हिरवे, तेही शिकाऱ्याचेच. म्हणजे हिरवा रंग आणि शिंग ही आधी कामाची साधनं होती, मानाची चिन्हं नंतर झाली.

तुम्ही म्हणाल, हा तर आपला गनिमी कावा! थोडं साम्य आहे, पण उगाच ओढूनताणून नातं लावू नका.

हॅनोव्हरचा राजा आणि इंग्लंडचा राजा तेव्हा एकच होता. अमेरिकेतल्या युद्धात इंग्रजांनी जर्मन येगर भाड्याने आणले. १७९७मध्ये त्यांनी स्वतःच्या ६०व्या रेजिमेंटची पाचवी बटालियन उभी केली, बरीचशी जर्मन माणसांची आणि हिरव्या कोटातली. पुढे त्यांच्या लाइट इन्फन्ट्रीने शिंग हेच चिन्ह केलं. तिथून ते ईस्ट इंडिया कंपनीच्या देशी पलटणींकडे आलं.

आणि इथे आपल्या वसईकरांना जरा टोचेल असा भाग येतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीची सर्वांत जुनी बटालियन १७६८ची, मुंबईत कंपनीने उभी केलेली. कंपनीच्या त्या मुंबई फौजेत आपल्याच मुलखातली माणसं भरती व्हायची. ज्या वसई किल्ल्यात आपण रील काढतो, तो चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकला होता. डिसेंबर १७८०मध्ये जनरल गॉडर्डने तो मराठ्यांकडून घेतला, आणि त्याच्या फौजेत देशी शिपाई होतेच. पोटासाठी केलेली नोकरी म्हणा किंवा आणखी काही. मला त्यांना गद्दार म्हणवत नाही, पण ही गोष्ट गाळून पलटणीचा इतिहास सांगणंही पटत नाही.

'लाइट' हा किताब बक्षीस म्हणून मिळायचा. १८४०मध्ये बलुचिस्तानातल्या काहानच्या गढीत मुंबईच्या पाचव्या पलटणीची तुकडी कित्येक महिने वेढ्यात तग धरून राहिली. १८४१मध्ये पलटण लाइट इन्फन्ट्री झाली. गणवेशाच्या कॉलर-बाह्यांच्या काळ्या रंगावरून तिला 'काली पांचवीं' म्हणतात. ती आज दुसरी बटालियन आहे. नावात 'मराठा' हा शब्द मात्र बऱ्याच उशिरा, १९०३मध्ये आला. १९२२मध्ये अशा पलटणी एकत्र करून एक रेजिमेंट झाली. तिचं केंद्र आज बेळगावला आहे.

आता गंमत बघा. दुसऱ्या महायुद्धात हीच रेजिमेंट इटलीत जर्मनांसमोर उभी राहिली. जर्मन सैन्यात तेव्हाही येगर डिव्हिजन होत्या. १९४२पासून त्यांच्या बाहीवर ओकच्या पानांचा बिल्ला असायचा. पहाडी येगरांचा वेगळा, एडलवाइस फुलाचा. १९४४च्या उन्हाळ्यात अशीच ११४वी येगर डिव्हिजन मध्य इटलीत लढत होती. म्हणजे शिंगवाले मराठे आणि शिंगाचे मूळ मालक एकाच रणभूमीवर.

१० जुलै १९४४ला वरच्या टायबर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर मशिनगनचा मारा झाला. बाकी सगळे पडले, एकतर ठार नाहीतर जखमी. घाडगे एकटेच धावून गेले. ग्रेनेड टाकून मशिनगन बंद पाडली, मग गोळ्या झाडल्या, आणि उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. लगेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते गेले. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधवांनी दोन जखमी साथीदारांना सुरुंगांमधून उचलून आणलं आणि परत जाऊन मशिनगनच्या चौक्या मोडल्या. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. ते जिवंत परतले.

गणपतीला मुंबई-गोवा हायवेने गावी जाणार असाल, तर वाटेत माणगाव लागतं. ट्रॅफिकमध्ये अडकायचंच आहे, तर तिथे उतरा. यशवंत घाडगेंचा पुतळा तिथे आहे.