दूरस्थ सर्व्हरची नेटवर्क-रचना व बदलाची परतफेड
दूरच्या सर्व्हरचे प्रशासन ब्राउझरमधून करताना एक मूलभूत अडचण संभवते. ज्या मार्गाने प्रशासक आज्ञा देतो, तोच मार्ग त्या आज्ञेने बदलावयाचा असतो. आयपी पत्त्यातील एखादा अंक चुकला, की संपर्क तुटतो आणि दुरुस्तीचे साधनही त्याच क्षणी हातचे जाते. ज्या फांदीवर बसावे तीच तोडण्याचा हा प्रकार होय.

लिनक्सवरील ‘कॉकपिट’ हे साधन यावर ‘नेटवर्कमॅनेजर’ या सेवेच्या साहाय्याने उपाय योजते. या सेवेत २०१६ मध्ये ‘चेकपॉइंट’ची सोय झाली. बदलापूर्वी विद्यमान रचनेची नोंद घेऊन तिला अल्प मुदत घातली जाते. बदलानंतर संपर्क टिकला, तर कॉकपिट ती नोंद रद्द करते व बदल कायम होतो. संपर्क तुटल्यास रद्द करण्याचा संदेश सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. साहजिकच मुदत संपताच पूर्वीची रचना पुनःस्थापित होते. पत्ता हेतुपुरस्सर बदलावयाचा असेल, तर प्रशासकास हे संरक्षण बाजूस ठेवून पुढे जाता येते.

यातील मर्म असे की, परतीचा निर्णय सर्व्हरवरच होतो. तुटलेल्या मार्गावर तो अवलंबून नसतो. मात्र संपर्क टिकणे म्हणजे रचना निर्दोष असणे नव्हे. डीएनएसचा पत्ता चुकूनही संपर्क अबाधित राहू शकतो. अशा दोषांची परीक्षा प्रशासकानेच करावयाची असते.